किसन विलायती आन बिनगाऱ्याची भिंत

मी गवंडी. मी भिंती उभ्या करत व्हतो आन त्या आपल्या मनानं बसत. म्हनून गावात मले माह्या नावानं कोनी हाक मारली नाही. बसक्या. लग्नाच्या पत्रिकेवरबी कोन्या हरामखोरानं 'चि. बसक्या' छापून घेतलं व्हतं. माह्या सासऱ्यानं ते वाचलं नाही म्हनून पोरगी देल्ली. तो माह्यासारखाच अडानी निघाला, माहं नशीब.

माह्या हातून जलमात एकच भिंत धड उभी झाली. ती शिकवली एका मानसानं, आन ती पडली तवा अख्ख्या गावानं त्याच मानसावर बोट ठेवलं. किसन विलायती. त्याचीच गोठ सांगतो. भिंतीचं मधातच येईन.

आमचं गाव वरवट बकालच्या बाजाराले जानारं, पहाडाच्या अलीकडचं. सातपुड्याकडून येनारं सारं गोड पानी आमच्या गावाले पाहून काऊन खारं होते देव जाने. सकायी डाय चुलीवर ठेवाची, दुपारलोक ढवळत बसाचं, दाना तसाच टनक. साबन घासून घासून संपन, पन फेस येनार नाही. गावापासून वर पहाडाच्या बाजूनं सरकारी गायरान, आन त्या गायरानाच्या कडंले वरची वस्ती. दहा-पंधरा घरं. ते लोक बौद्ध झाले व्हते. त्याहीनं आपल्या हातानं इहीर खंदली, आन तिले असं गोड पानी लागलं का बाप्पा, नुसतं पेलं तरी पोट भरे. गावातले आमचे लोक त्या इहिरीवर जात नसत. म्हंजे उजेडात जात नसत. ते पानी आमाले चालत नव्हतं, पन डाय त्याच्यातच शिजे.

त्या वस्तीवर किसन राहे. मोठ्या लढाईत तो खेचराइच्या पलटनीत व्हता. हातात बंदूक नाही, खरारा. खेचरं घासाचे, खेचराले चारा टाकाचा, खेचराच्या लाथा खायाच्या. त्या खेचराइसंगं त्याले बोटीत घालून विलायतेत नेलं, आन तठी पार मुलुकाच्या शेंड्यावर, जठी जमीन संपून समुद्र लागते, तठी एका जिल्ह्यात ठेवलं. सदरलँड. दोन हिवाये काढले त्यानं तठी. वापस आला तं तीनच चिजा घेऊन आला. एक खाकी ओव्हरकोट, एक लोखंडी मग, आन सदरलँड.

कोट वैशाखातबी आंगावर नसला तं खांद्यावर राहे. मग हातात राहे. आन सदरलँड तोंडात.

त्याची एक खोड सांगतो. तो आंबील उभ्यानं खाये. घरात बाज हाये, बाहेर ओटा हाये, पन हा दारात उभा, मगात आंबील, वरून मिठाचा खडा, आन चारीकडं नजर. मी इचारलं, "किसनभाऊ, बसून खाल्लं तं काय पोटात जात नाही?"

म्हने, "सदरलँडचे लोक अशीच खातात. जवासारखं एक धान्य हाये त्याहीचं, त्याची आंबील. मीठ टाकतात आन उभ्यानं खातात."

"काऊन?"

"बसला मानूस का त्याची पाठ दुसऱ्याच्या हाती गेली. खाताना मानसाचं ध्यान मगात राहते, बे. तेवढ्यात कोन मांगून येईन सांगता येते काय?"

दुसरी खोड म्हंजे कोनी काही फुकट देल्लं का तो ते हातात घ्याच्या आंधी इचारे, "याच्या मांगं कोन हाये?" मी एकदा शेगावच्या टेसनावरून त्याच्यासाठी कचोरी आनली. कागद उलगडला, वास घेतला, मले म्हने, "याच्या मांगं कोन हाये?"

म्हतलं, "कोनी नाही भाऊ, मी चार खाल्ल्या, पाचवी जात नव्हती."

"हा, मंग ठीक हाये," म्हने, आन उभ्यानं खाल्ली.

गावाचा त्याच्यावर भरोसा नव्हता. तो विलायतेले गेलता यावरच नव्हता. गनपतचं हाटेल व्हतं पारापाशी. तठी लोक त्याले मुद्दाम बोलतं करत आन मंग डोये मिचकावत. किसन सांगे का सदरलँडात जेठ महिन्यात रात्र होतच नाही, नुसती संध्याकाय होते आन तीच पुढं सकाय होते. आंगनात बसून पेपर वाचा, कंदील नाही का काही नाही.

गनपत म्हने, "मंग कोंबडा कवा आरवते?"

"कोंबड्याले इचारलं नाही मी."

"आन लोक झोपतात कसे?"

"डोये मिटून. तू उघडे ठेवून झोपतं का?"

मीबी त्यात तोंड घातलं, कारन मले कुठी तोंड घालू नये हे समजत नाही. म्हतलं, "भाऊ, रात्रच नाही तं चोर बिचारे काय करत असतीन?"

किसननं मग खाली ठेवला. म्हने, "तठी चोर दिवसाच येते. कोट घालून येते. पह्यले तुह्या भल्याचं बोलते."

सारे हासले. मीबी हासलो. मले काही समजलं नव्हतं, पन हासन्यात मी कवा मांगं राह्यलो नाही.

त्याच्यावरचा शक पक्का झाला तो त्या जिल्ह्याच्या नावावरून. किसन म्हने का सदरलँडचा अर्थ दक्षिनेचा मुलुक. आन तो मुलुक हाये कुठी तं पार उत्तरेले. गनपतनं टेबलावर थाप मारली. "सापडला! उत्तरेच्या जिल्ह्याले दक्षिन कोन म्हनन बे? उलटा टांगला काय जिल्हा?"

किसन शांत. म्हने, "ज्याहीनं नाव ठेवलं ते त्याहीच्याबी वरून आलते, बोटीत बसून. त्याहीच्यासाठी ते खालचंच. तुमी आमाले वरची वस्ती म्हनता. पहाडातले लोक आमालेच खालची म्हनतात. आमी तं हाव तठीच हाव."

गनपतनं दुसरा चहा देल्ला नाही त्याले त्या दिवशी.

माहा सोताचा शकबी सांगतो, कारन त्यात माही चूल गेली. किसननं एक दिवस सांगतलं का सदरलँडचे लोक कायी ओली माती इटेवानी कापून काढतात, उन्हाले लावतात, आन चुलीत घालतात. असा निखारा पडते का हात शेका. मी आयकलं आन तसाच घरी पयालो. माह्या डोक्यात आलं का आपलं वावर सारं काया मातीचं, बाबू, जलमभराचं सरपन सुटलं! चार टोपले माती कापली, छपरावर वाळवली, आन एका सकायी बायकोले म्हतलं, "आज लाकडं लावू नको. आज विलायती सरपन." पेटत्या चुलीत ती ढेकळं कोंबली. इस्तो इझला, घरात धूर झाला, आन भाकर वरून ओली, खालून मातीची.

बायको डोये पुसत बाहेर आली. म्हने, "काहो, तुमच्या डोक्यात जे हाये तेच चुलीत टाकलं का?"

दुपारलोक गावभर झालं का बसक्याच्या घरची चूलबी बसली.

मी तावातावानं वर गेलो. "किसनभाऊ, तुमी लबाड! माती पेटत नाही!"

त्यानं आंगावर घेतलं नाही. "ते माती नाही, गवत हाये. पान्यात सडून सडून मातीवानी झालेलं. सालोसाल."

"मंग तवाच काऊन सांगतलं नाही?"

"तू थांबला कुठी? अर्धं आयकलं आन पयाला." मंग हळूच म्हने, "अर्धं आयकून पयनारा मानूस लोकाले लय कामाचा राहते, बसक्या. जपून राहजो."

हे असं बोले तो. त्याच्या बोलन्यात आपल्याले शिवी हाये का काळजी हाये हे मले घरी गेल्यावरबी समजे नाही.

पन सारं गाव ज्या गोठीवर त्याले हासे ती गोठ मेंढराइची. आमच्याकडं रब्बी निघाली का धनगर मेंढरं घेऊन येतात. ज्याच्या वावरात मेंढरं बसवले त्याच्या वावराले लेंडीखत भेटते. लोक धनगराच्या मांगं मांगं फिरत, आमच्या वावरात बसव, आमच्या वावरात बसव. आन हा पलटनीतला गडी मेंढरं दिसले का कोटाचे सारे बटनं लावून उभा राहे. एकेका मेंढीकडं असा पाहे जशी ती त्याच्या घरात शिरून भांडे मोजून राह्यली. पोट्टे ओरडत, "इलायती मेंढराले भेते!"

मी एकदा इचारलंच. त्यानं मले खाली बसवलं, आपन उभाच राह्यला.

म्हने, "आमी खेचरं घेऊन एका दरीत गेलतो. तठी घरं व्हते. छप्पर नाही. गुडघ्याएवढ्या भिंती, मधात चुलीचा दगड तसाच. आन त्या चुलीपाशी एक मेंढी पिल्लं घेऊन बसली व्हती, घरची बाई बसते तशी. दूर दूर मानूस नाही."

म्हतलं, "पलेग आलता काय?"

"मेंढरं आलते."

मंग त्यानं सांगतलं. तठी एक मोठा जमीनदार व्हता. सारा जिल्हा त्याचाच म्हना. त्याले कोनी तरी सांगतलं का मानसापरीस मेंढरू परवडते. मंग त्यानं लोकाइले निरोप धाडला, समुद्राच्या कडंले जा, तठी जागा देतो, तुमच्या भल्याचंच हाये. जे उठले नाहीत त्याहीचे छप्पर पेटवले. अख्ख्या दऱ्या खाली झाल्या.

"आन त्या जमीनदाराचं काय झालं?"

"त्याचा दगडी पुतया उभा हाये. पहाडाच्या टोकावर, आभायाले टेकलेला. लोकाइनं वर्गनी काढून बांधला."

"कोन्या लोकाइनं?"

"त्याच लोकाइनं."

हे मात्र मले पटलं नाही. म्हतलं, असं कवा कोनी करन काय? पन माहं ध्यान दुसरीकडंच अडकलं व्हतं. मी इचारलं, "किसनभाऊ, त्या भिंती एवढे सालं टिकल्या कशा? चुन्याच्या व्हत्या का?"

"ना चुना, ना गारा. नुसता दगडावर दगड."

बाप्पा! मी गारा लावो, भूसा टाको, शेन टाको, तरी माही भिंत दुसरा पोयाचा सन पाहत नव्हती. मले त्या रात्र नसलेल्या मुलुकातल्या, कोन्या मेलेल्या गवंड्याचा राग आला.

किसनले ते काम येत व्हतं. तठी त्याच्या खेचरानं लाथ घालून एका म्हाताऱ्या मेंढक्याचा बांध पाडला व्हता, आन साहेबानं किसनलेच तो बांधून द्याले धाडलं. म्हातारा जे बोले ते किसनले समजे नाही, आन त्याच्या गोऱ्या साहेबालेबी समजे नाही, त्या लोकाइची बोलीच येगळी. "मंग आमी तिघं सारखेच अडानी," किसन म्हने, "तवा कुठी मन लागलं." म्हाताऱ्यानं हातवारे करून एक गोठ त्याच्या डोक्यात बसवली. दगड एकदा हातात घेतला का खाली ठेवाचा नाही. तो ज्या जाग्याचा हाये ती जागा सापडेलोक हिंडाचं.

आता नानासाहेब. आमच्या गावचा मोठा कास्तकार. जमीन मायंदाळ, पन पानी खारं, आन त्याच्या मनात भरला संत्र्याचा बगीचा. संत्र्याले गोड पानी पाह्यजे. हे मले आता जोडता येते, तवा आलं नाही. एका फागनात नानासाहेब दमनीत बसून वरच्या वस्तीवर आला. हा मानूस त्या वस्तीवर कवा पाय ठेवत नव्हता. आला, आन बाजंवर बसलासुदिक. संगं बिरू धनगर व्हता.

नानासाहेब म्हने, "सरकारची मेंढराइची योजना हाये. यंदा बिरूचा कळप मी गायरानावर बसवतो. खत तुमच्या तुकड्याइत टाका, एक पैसा नको मले. फक्त इहीर मधात घेऊन मेंढरं कोंडाचा एक दगडी वाडगा घालू, म्हंजे मेंढराले पान्याची सोय होईन."

लोकाइचे चेहरे फुलले. फुकटचं लेंडीखत! बाया चहा टाकाले पयाल्या.

किसन दारात उभा. "मालक, याच्या मांगं कोन हाये?"

"मांगं? तुमचं कल्यान हाये, किसन."

"ते कवा एकटं येत नाही, मालक."

त्याच्याच भावकीतल्या लोकाइनं त्याले गप केलं. चांगलं चाललं तं तुह्यं सदरलँड कायले आनतं मधात?

वाडग्याचं काम मले भेटलं. माह्याइतका सस्ता गवंडी तालुक्यात नव्हता. मी किसनले सांगाले गेलो तं मनात म्हतलं हा आता मगच फेकून मारन. त्यानं मले चहा देल्ला. लय येळ इहिरीकडं पाहत राह्यला.

म्हने, "बांध. पन नीट बांध. मी दाखवतो."

मले शक आला. ज्या मेंढराले हा मानूस एवढा भेते त्याच मेंढराइचा वाडगा हा मले शिकवून राह्यला? "किसनभाऊ, याच्या मांगं कोन हाये?" मी म्हतलं.

त्यानं माह्याकडं असं पाह्यलं जसं खेचरानं पह्यल्यांदा बरोबर पाय उचलला. "शिकला तू," म्हने. बाकी सांगतलं नाही.

आमी पहाडाच्या नाल्यातून दगड आनले. किसननं शिकवलं: दोन भिंती उभ्या कराच्या, एकमेकीकडं जराशा झुकलेल्या, मधात बारीक दगडाची भर. आन थोड्या थोड्या जाग्यावर एक लांब आडवा दगड, दोनी भिंती धरून ठेवनारा. तो निघाला का सारं गेलं. मी एक दगड हातात घ्यो आन इसरून खाली टाको. किसन तसाच मांगून डोक्यावर टपली मारे. "जागा पाह्य त्याची." असे मी दगड उराशी धरून वाडग्याभोवती हिंडत राह्यलो, बाया हासत, म्हनत बसक्याले लेकरू झालं.

एक आडवा दगड लय गोमटा भेटला. लांब, सपाट, आन त्याच्यावर आंगठ्यानं ओढल्यावानी लाल शीर. तो मी फाटकापाशी, गुडघ्याच्या उंचीवर बसवला. भिंत पुरी झाली तवा मी तिच्यावर चढलो, उड्या मारल्या. हालली नाही. माही बायको आली. पह्यले हातानं दाबून पाह्यलं, मंग पाठ टेकून बसली. जलमात पह्यल्यांदा ती माह्या भिंतीले टेकली. मी तिकडं तोंड करून दगडं मोजत असल्याचं सोंग केलं.

मेंढरं आत गेले. फाटकाले कुलूप लागलं. सकायी वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन आल्या, तं नानासाहेबाचा मानूस फाटकापाशी. "पानी पाह्यजे तं मालकाले इचारून या." बाया म्हनल्या, इहीर आमची हाये. तो म्हने, वाडगा मालकाचा हाये. दोन-चार दिवसानं निरोप आला का तुमी लोक खाली खाऱ्या नाल्याच्या कडंले सरका, मालक जागा देते, तुमच्या भल्याचंच हाये.

निरोप आयकून वस्तीवरचे सारे किसनकडं पाहाले लागले. मी तठीच व्हतो. किसन माह्या भिंतीकडं पाहत व्हता. म्हने, "भिंत मजबूत झाली, बसक्या."

राजेहो, माह्या कामाची तारीफ मी तेवढी एकदाच आयकली, आन मले जमिनीत जावंसं वाटलं. बाया त्या दिवसापासून गावातलं खारं पानी वर नेऊ लागल्या. आन गावात कोनाच्याच घरी डाय शिजंना.

मंग एका सकायी बोंब झाली. वाडगा पडला. मेंढरं रातोरात निघाले, आन गेले कुठी तं नानासाहेबाच्या वावरात, संत्र्याचे रोपटे नुकतेच आनले व्हते तठी. शेंडा ठेवला नाही एकाले. आन वरच्या वस्तीवरच्या बाया पडल्या भिंतीवरून पाय टाकत आरामात घागरी भरून राह्यल्या.

नानासाहेबानं जमादार बोलावला. पारावर सारं गाव. किसनले मधात उभा केला, कोटाचे बटनं लावलेले.

नानासाहेब म्हने, "याचंच काम हाये. पह्यल्या दिवसापासून याच्या पोटात दुखते. विलायतेहून हेच शिकून आला."

जमादार म्हने, "काबे, तू पाडली भिंत?"

"मीच दगड देले तिले, साहेब," किसन म्हने. हो नाही, नाही नाही.

"याले ठान्यावर चालवा," नानासाहेब म्हने. "आन ती वस्तीबी उठवा. चोराइची वस्ती झाली ती."

शिपायानं किसनचा दंड धरला. वस्तीवरचे लोक मांगं उभे, खाली माना घालून. मले दिसलं का आता हा मानूस गेला का त्याच्या मांगं इहीर जाईन आन इहिरीच्या मांगं वस्ती. मी हात वर केला. शायेत गेलो नाही म्हनून जलमात पह्यल्यांदाच हात वर केला.

"साहेब, भिंत आपल्या मनानं पडली. मी बांधलेली व्हती."

"तू कोन?"

मी नाव सांगाच्या आंधीच पारावरून आवाज आला, "बसक्या!" आन सारं गाव हासलं.

"कायचं हासून राह्यले बे?" जमादार म्हने.

गनपत उठला. "साहेब, यानं माह्या हाटेलची मांगची भिंत बांधली. भज्याच्या कढईत पडली." मंग दुसरा उठला. त्याच्या गोठ्याची भिंत बैलानं शेपटी हालवली तं पडली. तिसऱ्याची तं मी निंघाच्या आंधीच पडली व्हती. लोकाले जोर आला. एवढे गवाह मी सोताच्या लग्नालेबी पाह्यले नव्हते. मी मनातल्या मनात म्हतलं, एखादा तरी म्हनन का नाही रे, याची अमकी भिंत उभी हाये. कोनी म्हतलं नाही. शेवटी माही बायको पदर सावरून उठली. ती त्या भिंतीले पाठ टेकून बसलेली बाई. तिनं माह्याकडं पाह्यलं, किसनकडं पाह्यलं, आन जमादाराले म्हने, "साहेब, हे तं घरची चूलबी बसवतात."

जमादारानं टोपी काढून डोये पुसले. "मालक," म्हने, "असा गवंडी काऊन लावला?"

"सस्ता व्हता," नानासाहेब पुटपुटला.

"बरं. भिंत तुमची. जमीन कोनाची?"

कोनी तरी मांगून म्हतलं, "गायरान हाये, साहेब. सरकारी."

"सरकारी जमिनीवर, लोकाइच्या इहिरीभोवती तुमची भिंत कशी, मालक?"

नानासाहेबानं वर पहाडाकडं पाह्यलं. दगडाचा ढिगारा दिसत व्हता. मंग जमादाराकडं पाह्यलं.

"भिंत?" म्हने. "कोनती भिंत?"

शिपायानं किसनचा दंड सोडला. बिरू धनगर दुसऱ्याच दिवशी कळप घेऊन पुढं गेला. इहीर होती तशी राह्यली. किसन माह्यापाशी आला नाही, आभार नाही का काही नाही. फक्त जाता जाता म्हने, "अर्धं बोलून थांबला. चांगलं केलं."

पन मले चैन पडंना. माह्या पडलेल्या भिंती मी कमी पाह्यल्या नाहीत. भिंत पोट काढते, मंग फुटते, दोनी बाजूले दगड जातात. हे तसं नव्हतं. फाटकापासून सुरू होऊन एका लायनीत, बाहेरच्या बाजूनं निजल्यावानी निजली व्हती. मी एकटाच गेलो, ढिगारा उचकला. सारे आडवे दगड सापडले. लाल शिरेचा नाही सापडला. म्हतलं नाल्यात गेला असन. म्हतलं खरं, पटलं नाही.

मंग काही सालं मी लांब धरनाच्या कामावर गेलो. तठी मले भिंतीले हात लावू देत नव्हते, फक्त पानी वाहू देत. वापस आलो तवा नानासाहेब वारला व्हता, आन गाव त्याच्या नावाची कमान उभारत व्हतं, वेशीवर. वर्गनी घरोघर. काम मलेच, कारन सस्ता मीच.

गनपत आन मी वर्गनी मांगत वरच्या वस्तीवरबी गेलो. मले लाज वाटे, पन गनपत म्हने, सारे देऊन राह्यले तं हे काऊन नाही?

किसननं घर नवं बांधलं व्हतं. दारात उभा, खांद्यावर कोट, मगात आंबील. मिशा पार पांढऱ्या. गनपतनं सांगतलं. किसनचा घास थांबला.

"याच्या मांगं कोन हाये?"

"कोनी नाही," गनपत म्हने. "नानासाहेबाची कमान हाये."

किसन माह्याकडं वळला. पहाडाच्या टोकावरचा तो पुतया मले तवा एकदम आठोला. "बसक्या, म्हतलं नव्हतं तुले?" म्हने. मंग इचारलं, "बांधून कोन राह्यलं?"

"मी," म्हतलं.

तो हासला. एवढ्या सालात मी त्याले हासताना पाह्यलं नव्हतं. दात लय चांगले व्हते त्याचे. आत गेला, वर्गनी आनली, गनपतच्या हातावर ठेवली. मले म्हने, "तुह्या पद्धतीनं बांधजो. मी शिकवली तशी नको."

गनपत पुढच्या दाराले गेला. मी निंघनार, तं माही नजर खाली गेली. किसन जठी उभा व्हता ती त्याच्या घराची पायरी. एकच लांब, सपाट दगड. मधातून लाल शीर.

मी त्या दगडाकडं पाहून राह्यलो, आन तो माह्याकडं.

"किसनभाऊ, हा दगड कुठून आनला?"

त्यानं आंबिलीचा एक घोट घेतला. खालच्या रस्त्याकडं पाह्यलं, वरच्या पहाडाकडं पाह्यलं, इहिरीवर बाया व्हत्या तिकडं पाह्यलं.

"हातात आला व्हता," म्हने.

मंग झाकनीत मले आंबील ओतून देल्ली. मी सवयीनं खाली बसाले गेलो. त्यानं माही कॉलर धरून मले वर ओढलं, बाजूले सरकला, आन दगडावर माह्यापुरती जागा केली.

दोघं उभे राह्यलो. दगड हालला नाही.